वाणाच्या पिवळ्या वाट्या

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या वाट्या लुटायची टूम पहिल्यांदा ज्या बाईने काढली, तिला मला एकदा गाठायचंय. जयपुरात आम्ही मराठी बायका त्या कितीशा, पण प्रत्येकीच्या घरात माणसांपेक्षा वाट्या जास्त. विद्याधर नगरातल्या आमच्या घरी ओट्याखालचं एक अख्खं कपाट त्यांनी अडवलं होतं. पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या. टाकवत नाहीत, कारण वाण. वापरवत नाहीत, कारण गरम आमटी ओतली की कड वाकडी होते. म्हणून मुलीने एक दिवस “आई, ह्या मला दे ना सगळ्या” म्हटलं, तेव्हा मी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. सुटले एकदाची, असं म्हणून पिशवी भरून दिल्या. पुढचं सगळं रामायण त्या पिशवीतून निघालं.

पण त्याआधी आमच्या ह्यांच्या जंगलाचं सांगायला हवं.

हे विमा कंपनीत होते, नुकसानीचे दावे तपासायचं काम. बदलीवर इथे आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. आमच्यासारखीच बँकेतली, विम्यातली, रेल्वेतली कुटुंबं मिळून आमचं मराठी मंडळ. फार पूर्वी मंडळातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून सीकर रोडला, विश्वकर्मातल्या कारखान्यांच्याही पुढे, एक शेत घेतलं. बाजरी आणि मोहरीचं शेत. बेत असा, की म्हातारपणी सगळ्यांनी शेजारी शेजारी बंगले बांधायचे आणि संध्याकाळी पत्ते कुटायचे. पत्ते कुटायचं वय आलं, बंगल्यांची परवानगी काही आली नाही. पडीक शेताकडे बघून बघून सगळ्यांना वाईट वाटायला लागलं. मग मंडळाच्या सभेत एकमताने ठरलं, की आपण वनराई करायची आणि प्रमुख अर्थातच आमचे हे. सतरा लोकांच्या मधे उभं राहून हात हलवण्याची ह्यांना फार हौस.

वनराई कसली, तर जो तो आपापल्या गावाची. नागपूरकरांनी संत्री आणली. कोकणातल्यांनी कोकम, फणस, सुरंगी. साताऱ्याच्या एका काकांनी तर महाबळेश्वरहून जांभळीची रोपं मांडीवर धरून आणली, जसं काही जयपुरात जांभूळ मिळतच नाही. राजस्थानच्या रेताड जमिनीत सह्याद्री रुजवायला निघाली होती ही मंडळी! शेतात मूळची जी रुई उभी होती, बोरीची काटेरी जाळी होती, मधेमधे पिवळं गवत होतं, ते सगळं ‘साफसफाई’ म्हणून उपटून टाकलं. रुई उपटण्याआधी एका काकूंनी मारुतीच्या माळेपुरती पानं मात्र भक्तिभावाने काढून घेतली.

कोकम उन्हाळ्यातल्या पहिल्याच लूत, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्यात गेलं. सुरंगीने तेवढीही वाट बघितली नाही. संत्री थंडीत करपली. जगले ते करंज, जांभळं, शिसव आणि आमच्या ह्यांचा एकुलता एक फणस. त्याला उन्हाळ्यात गोणपाट आणि थंडीत माझी शाल. हो, माझी, अंगावरची. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. पण खोटं कशाला बोलू, बाकीची झाडं खरंच वाढली. ठिबकचे पाइप टाकले, बुंध्यांशी भुशाचे जाड थर घातले, आणि काही वर्षांत तिथे सावली पडायला लागली. त्या सावलीत उभं राहून आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, “इथे आधी काहीच नव्हतं हो. नुसतं उजाड!”

शेताच्या पश्चिमेला एक लांबट पट्टी तेवढी उरली होती. तिथवर पाइप पोचले नव्हते, म्हणून रुई होती, गवत होतं आणि बाकी उघडी, टणक, भाजून निघालेली माती.

आता मुलगी. ही इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी बोलते, पण ‘मतलब’ म्हटल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नाही. तिने किड्यांवर पीएच.डी. करायची ठरवली, तेव्हा माझ्या माहेरी कुणी मेल्यासारखी शांतता पसरली. बँकेच्या परीक्षा सोडून किडे! मी तरी काय, दोन दिवस धुसफुसले आणि मग हात टेकले. ह्यांना मात्र आनंदाच्या उकळ्या. “आपल्याच वनात ये ना! किती जीवजंतू आलेत बघ. कळू दे जगाला!” मुलीने हसून मान हलवली. तिला हवं होतं ते दुसरंच. शेत उघडं असताना तिथे कोण राहत होतं आणि झाडं आल्यावर कोण राहतं, हे तिला शेजारी शेजारी तपासायचं होतं. झाडांखाली एक भाग आणि त्या उरलेल्या पट्टीवर एक भाग. पट्टी नसेल तर तुलना कशाशी करणार? तिचं सगळं काम त्या उजाड तुकड्यावर उभं होतं.

आणि त्याच पट्टीवर ह्या वर्षी गुढीपाडव्याला झाडं लावायचं मंडळाने जाहीर केलं.

पाडव्याला! जयपुरात त्यानंतर आभाळातून विस्तव बरसतो. इथली शहाणी माणसं श्रावणात झाडं लावतात. पण आमच्या मंडळाची सगळी डोकी एकत्र जमतात ती पाडव्याला, श्रीखंडासाठी. मग झाडांनी जुळवून घ्यायला नको? मुलगी म्हणाली, ठीक आहे, पाडव्याच्या आधी माझं होईल. मोहरी फुलावर आहे तोवर शेवटची पाहणी करते, मग लावा काय ते.

वाट्या होत्या त्या ह्यासाठी. त्यात पाणी भरायचं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि सकाळी जमिनीवर ओळीने मांडून ठेवायच्या. रंगाला फूल समजून किडे येतात आणि बुडतात. संध्याकाळी ते गोळा करून, बाटलीत घालून, प्रयोगशाळेत एकेक ओळखायचा. हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. “अगं, किडे वाचवायला निघालीस आणि बुडवून मारतेस?” तर म्हणे, “आई, मतलब, कोण राहतं ते कळलं तर वाचवता येईल ना. घरोघरी जाऊन नाव विचारता येत नाही त्यांना.” जीभ बापाची घेतली आहे, दुसरं काय!

तर शेवटच्या पाहणीचा रविवार. आजूबाजूच्या मोहरीचा बहर सरत आला होता, दोन-तीन दिवसांत फूल उरणार नव्हतं. मुलीने सकाळी पट्टीवर वाट्या मांडल्या आणि झाडांखालच्या मांडायला पलीकडे गेली. तिथलं काम लांबलं. तेवढ्यात मंडळाची श्रमदानाची गाडी आली. पुरुष पट्टीवर चुन्याने गोल आखायला लागले, पाडव्याला खड्डे कुठे खणायचे त्याच्या खुणा. बायका सतरंजी टाकायला जागा शोधत होत्या. आणि आमच्या रेल्वेवाल्या वहिनींची नजर जमिनीवर गेली.

ह्या वहिनींचे यजमान रेल्वेत होते, म्हणून त्या रेल्वेवाल्या वहिनी. मनाने सोन्यासारखी बाई. त्यांचा एक नेम आहे, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आपण त्यांना वाटीभर लोणचं पाठवावं, तर वाटी लाडू घेऊन परत येणार. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. कोरोनात सगळं बंद होतं, तेव्हासुद्धा माझा डबा त्यांनी फाटकावरून खाली सोडला, तो आत दोन खारका घालून.

त्या वहिनींनी पाहिलं, की त्यांनी लुटलेल्या पिवळ्या वाट्या उन्हात, मातीत, गढूळ पाण्याने भरलेल्या, वर मेलेले किडे तरंगताहेत. शेजारच्या निळ्या वाट्या बँकवाल्या काकूंनी दिलेल्या. त्याही तशाच. बायकांच्या काळजाला घरं पडली. पण पोरीवर रागावल्या म्हणाल तर नाही हो. उलट त्यांनी आपसात असा निकाल लावला, की पोर बिचारी पाखरांसाठी पाणी ठेवते, पण पाणी बदलायला वेळ होत नाही. झालं! सगळ्या वाट्या तिथेच उपड्या केल्या आणि पिशवीत घालून घरी घासायला नेल्या.

दुपारी मुलगी पट्टीवर परत आली, तेव्हा जमिनीवर नुसते ओले ठिपके होते.

ती घरी आली ती थेट पंख्याखाली जाऊन बसली. मला वाटलं ऊन लागलं. पन्हं करायला उठते आहे, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात वहिनी, चेहराभर हसू, हातात मोठी पिशवी. “किती घाण झाल्या होत्या गं! राखेने घासल्या, मग लिंबाने. बघ कशा लखलखताहेत.” आणि टेबलावर एकेक करून वाट्या मांडायला लागल्या. पहिलीत चिवडा. दुसरीत शंकरपाळे. तिसरीत बेसनाचा लाडू. प्रत्येक बाईने आपापली वाटी आपल्या हाताने भरून पाठवली होती. अख्खं टेबल भरलं. दिवाळीलासुद्धा आमच्याकडे एवढा फराळ नसतो.

मुलगी त्या वाट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “थँक्यू काकू.” आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला हसू यावं की रडू, कळेना. वहिनींना चहा दिला. काय झालंय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पण त्या बाईला काय कळायचं राहतं? आतून हुंदका ऐकू आला तशी त्यांनी कप खाली ठेवला. “काय चुकलं गं माझं?” मग सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला माझाच राग आला. वाटीतला एक शंकरपाळा खाऊन दाखवला त्यांना, बरं वाटावं म्हणून. चवीला फार छान होते, हेही आणखी एक दुःख.

संध्याकाळी हे आले ते खुशीत, बुटांना चुना लागलेला. “आखणी झाली! पाडव्याला प्रमुख पाहुणे पक्के.” मुलगी बाहेर आली, डोळे लाल. तिने सरळ विचारलं, “बाबा, पट्टी ह्या वर्षी सोडाल? पावसानंतर, पुढची मोहरी फुलेपर्यंत. मला पुन्हा मोजायचंय.”

“किड्यांसाठी पाडवा पुढे ढकलू?”

“पाडवा नका ढकलू,” मी म्हटलं, “झाडं ढकला.”

“तू मधे पडू नकोस! पत्रिका गेल्यात. लोक काय म्हणतील? वनराईचा प्रमुख, आणि म्हणतो झाडं लावू नका? आणि तिथे आहे काय त्या पट्टीत? काहीच नाही!”

मला वाटलं, आता पोरगी आदळआपट करणार. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही जागेवर न जाता कधी सही केलीत?”

बाण अगदी वर्मी. सगळी नोकरी ह्यांनी त्या एका वाक्यावर काढली होती. विश्वकर्मातलं गोदाम जळालं, की बाकीचे लोक फोटो मागवायचे. आमचे हे स्वतः जाऊन राखेत उभे राहायचे, घरी येताना कपड्यांना जळक्या रबराचा वास. सी-स्कीममधल्या वातानुकूलित ऑफिसात बसून कुणी नुकसानीचा आकडा लिहिला, की ह्यांचं पित्त खवळायचं. “आधी जागा बघा!” हे वाक्य मी जेवणाच्या ताटावर इतक्यांदा ऐकलंय, की झोपेत म्हणून दाखवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पट्टीवर. ह्यांनी जुनी टोपी घातली होती, खिशात ते भिंग, ज्याने जळलेल्या कागदांवरचे शिक्के वाचायचे. मी थर्मास घेऊन रुईच्या अर्धवट सावलीत बसले. मुलगी म्हणाली, “इथे बसा आणि फक्त बघा. बोलू नका.” आमच्या ह्यांना बोलू नका! मी चहा ओतला आणि गंमत बघत बसले.

बराच वेळ काही नाही. ह्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, विजयाने. मग जमिनीशी काहीतरी हललं. टणक मातीत पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं होती. “मुंग्या,” हे पुटपुटले. भोकातून एक बारीकशी माशी बाहेर आली, अंग झटकलं आणि उडाली. मग दुसरी बाहेरून आली. तिच्या पायांना मोहरीचे पिवळे पराग लागले होते, हळदीने भरल्यासारखे. ती घिरट्या घालून आपल्याच भोकात शिरली. शेजारी तिसरी. ह्यांनी भिंग लावलं. आणि मग ते जे ओणवे झाले, ते उठेचनात.

“ही कोण?”

“मधमाशीच आहे, पण एकटी राहणारी. पोळं नाही करत. मातीत घर करते. तिला उघडी, कोरडी, कडक जमीन लागते.”

“आणि झाडांखाली?”

“या, बघू.” झाडांखाली भुशाचा ओला, मऊ थर. मुलीने तो बाजूला सारला. खाली मुंग्या होत्या, एक काळा भुंगेरा होता, वाळवी होती. हे लगेच उसळले, “आहेत की! ही काय सृष्टी नाही?”

“आहे ना बाबा. हे इथले तिकडे नाहीत. पण तिकडचे इथे राहू शकत नाहीत. भुसा, पाणी, सावली... त्यांचं घर बंद होतं. रुईवरची ती केशरी फुलपाखरं पण. त्यांची पिल्लं रुईची पानं खातात, फणसाची नाही खात.”

“म्हणजे मी एवढी वर्षं चूक केली?” हा प्रश्न ह्यांनी जोरात विचारला, पण आवाज मधेच खाली गेला. कितीही वैताग दिला तरी माझाच माणूस तो.

“चूक नाही. मतलब... सगळीकडे झाडं, ते चूक.”

हे परत पट्टीवर गेले. कालचे चुन्याचे गोल तिथे पांढरेशुभ्र चमकत होते. एक गोल नेमका त्या भोकांवरून गेला होता. आमच्या देखत एक माशी आली, चुन्यात उतरली, पाय पांढरे करून गोंधळली, उडाली, परत उतरली. तिला दार सापडत नव्हतं. ह्यांनी सवयीने विचारलं, “दावा कोणाचा?” मग स्वतःच खाली वाकून खिशातल्या रुमालाने त्यांनी त्या भोकांवरचा चुना हलक्या हाताने टिपला. नंतर उभे राहून पायाने एकेक गोल पुसत पट्टीच्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा बूट पांढरे आणि नाक लाल. ऊन फार आहे म्हणाले. मी चहा दिला.

सभेत त्यांची जी काही टर उडाली, ती विचारू नका. “साहेब आता माश्यांचा विमा काढणार!” “प्रमुख पाहुण्यांना काय माश्या दाखवायच्या?” हे सगळं ऐकून घेत उभे होते, आणि ऐकून घेणं हा ह्यांचा स्वभाव नव्हे. मी मागच्या रांगेत मुठी आवळून बसले होते. तेवढ्यात रेल्वेवाल्या वहिनी उठल्या. सभेत त्या कधी बोलत नाहीत, चहाचं बघतात. म्हणाल्या, “पोरीचं काम मी धुतलं. मला कळलं नाही म्हणून धुतलं. आता कळलंय, तर परत कसं धुऊ?” आणि हात वर केला. बायकांचे हात वर गेले, मग नवऱ्यांनी घरचं जेवण आठवून आपापले वर केले. पट्टी राहिली. पाडव्याला पाहुण्यांनी कुंडीत चाफा लावला आणि उजाड जमीन हिरवी करण्यावर तासभर बोलले. आमचे हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, चेहरा असा, की मला तोंडाला पदर लावावा लागला.

पाऊस झाला. शेजारच्या शेतांत मोहरी पेरली गेली, उगवली, पिवळी व्हायला लागली. मुलीची दुसरी पाहणी तोंडावर आली तेव्हा संक्रांत होती. हळदीकुंकू आमच्याकडे. बायका आल्या, तिळगूळ झाला. सगळ्यात शेवटी वहिनी आल्या, हातात पिशवी. मला कुंकू लावलं, त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाचं माझं राहिलेलं वाण म्हणून एक चाळणी दिली, आणि मुलीला हाक मारली.

पिशवीतून वाट्यांची चळत निघाली. नव्या कोऱ्या, पिवळ्याधमक. मुलीने आत पाहिलं. वहिनींनी मान फिरवली, डोळे भरले होते.

“रिकाम्याच आणल्यात गं,” त्या म्हणाल्या. “आयुष्यात पहिल्यांदा.”